माया सोडून मारलेली रेघ

जाऊबाईंच्या हातून तापलेली इस्त्री मापांच्या वहीवर राहिली, तिथून हे सगळं सुरू झालं.

दुकानात दोन गिऱ्हाइकं एकदम आली. जाऊबाई गळ्यातली टेप काढत पुढं गेल्या आणि मागं टेबलावर वहीतून धूर निघायला लागला. पेट घेण्याआधी कुणीतरी पाणी ओतलं, दुकान वाचलं. पण दोनशे सत्तावीस माणसांच्या छात्या, कंबरा आणि बाह्या गेल्या त्या गेल्याच. त्या संध्याकाळी जाऊबाई ताटावर बसल्या आणि नुसत्या बसूनच राहिल्या. "आता एकेकाला बोलावून परत माप घ्यायचं," त्या म्हणाल्या. "लोक म्हणतील, बाईला चळ लागला."

समोर धाकटी बसली होती. ही गोष्ट तिची. तेव्हा ती चाळिशीला टेकलेली, विमा कंपनीत नोकरीला. लोकांनी भरलेले फॉर्म बघून माहिती कॉम्प्युटरमध्ये भरायची, हे तिचं काम. काम कंटाळवाणं, पण बाई कंटाळणारी नव्हती. एखादी गोष्ट आहे तशी का आहे, हे विचारल्याशिवाय तिला घास गिळवत नसे. लग्नानंतर पहिल्याच आठवड्यात तिनं मोठ्या जावेला विचारलं होतं, "माणसाचा एक खांदा थोडा खाली असतो ना, मग शर्टाचे दोन्ही सारखे का शिवतात?" जाऊबाईंनी हातातलं शिवण बाजूला ठेवलं होतं. इतकी वर्षं कपडे शिवत होत्या, पण हे त्यांना कुणी विचारलं नव्हतं. त्या दिवसापासून दोघींचं मेतकूट जमलं ते जमलंच. दोघींचे नवरे, म्हणजे सख्खे भाऊ, एकमेकांशी महिन्यातून चार वाक्यं बोलत, आणि या दोघींना दिवस पुरत नसे.

ऑफिसात जेवणाच्या सुट्टीत एक जुनं जाडजूड पुस्तक वाचून धाकटी प्रोग्राम लिहायला शिकली होती. का शिकली, तर आपण माहिती भरतो ती आत जाऊन बसते कुठं, हे तिला बघायचं होतं. वही जळाल्यावर त्या शिकण्याला काम मिळालं. चार महिन्यांत तिनं जाऊबाईंसाठी एक प्रोग्राम बनवला. नाव टाकलं की माणसाची सगळी मापं समोर, मागच्या वेळी काय शिवलं ते समोर, आणि कापड किती लागेल तेही. जाऊबाईंनी आठ दिवस त्याच्याकडे संशयानं बघितलं. नवव्या दिवशी शेजारच्या गल्लीतल्या शिंप्याला दुकानात बोलावून दाखवला.

शिंप्याकडून शिंप्याकडे बातमी गेली. अकरा वर्षांत चारशे बारा जणांनी तो प्रोग्राम घेतला. धाकटीनं नोकरी सोडली. दुकानाच्या मागं कापडाचे तागे ठेवायची खोली होती, तिथं तिचं टेबल आलं. फोनवर गिऱ्हाइकांना समजावण्याचं काम जाऊबाईंकडे, कारण शिंप्याची भाषा त्यांना यायची. "मुंढ्याचं माप कुठं टाकायचं?" असं कुणी विचारलं की धाकटी मेनूचं नाव सांगायची, आणि जाऊबाई सांगायच्या, "बाहीच्या वरच्या घरात बघा." लोकांना घर पटकन सापडायचं.

प्रोग्रामची किंमत सुरुवातीला अडीच हजार होती, पुढं चार हजार झाली. एकदा द्यायची आणि कायम वापरायचं. छोट्यामोठ्या दुरुस्त्या धाकटी फुकटच पाठवायची. कुणी नवं काही मागितलं की तिला आधी प्रश्न पडायचा, मग हुरूप यायचा, आणि पंधरा दिवसांत ते तयार व्हायचं.

पण दुसरी आवृत्ती म्हणजे निव्वळ दुरुस्ती नव्हती. तिला पावणेदोन वर्षं लागली. आता मापावरून कापडावर कसं बेतायचं याचा नकाशा निघत होता, फोनवरही चालत होतं, आणि एखाद्या माणसाची मापं वर्षागणिक कशी बदलली तेही दिसत होतं. नव्या गिऱ्हाइकासाठी किंमत सहा हजार ठरली, त्यात दोघींचं दुमत नव्हतं. घोडं पेंड खात होतं ते जुन्यांपाशी.

"जुन्यांकडून किती घ्यायचे?" धाकटीनं विचारलं.

"कोट उसवून मोठा करून दिला तर मी शिलाई घेतेच," जाऊबाई म्हणाल्या. "फुकट काही द्यायचं नाही. फुकटाची किंमत राहत नाही."

"पण पूर्ण शिलाई घेता का?"

"पूर्ण कशी घेईन? कोट त्याचाच असतो."

यावर धाकटी विचार करत बसली असती तर बरं झालं असतं. पण त्याच दिवशी तिचा भाऊ आला. तो फ्रिज आणि धुलाई यंत्रांच्या दुकानात विक्रेता होता, आणि किमतींतलं आपल्याला सगळं कळतं असं त्याचं म्हणणं. तो म्हणाला, "निम्मी किंमत, पंधरा दिवसांची मुदत. मुदत नसेल तर माणूस हलत नाही. ताई, एवढं साधं आहे." ऐकायला सुटसुटीत वाटलं. धाकटीनं तसं पत्र लिहिलं आणि चारशे बारा जणांना ईमेलनं पाठवून दिलं.

दोन दिवसांत अकरा जणांनी तीन-तीन हजार भरले. भाऊ खूश. तिसऱ्या दिवशी सकाळी हॉस्पिटलचे गणवेश शिवणाऱ्या एका बाईचा फोन आला. जाऊबाई माप घेत होत्या, म्हणून धाकटीनं उचलला.

"एक शंका आहे," बाई म्हणाल्या. "रागावून नाही विचारत."

"विचारा ना."

"मी नऊ दिवसांपूर्वी तुमचा प्रोग्राम घेतला. चार हजार दिले. आता तुम्ही तीन मागताय. झाले सात. आणि उद्या नवा माणूस येईल, त्याला हाच प्रोग्राम सहा हजारांत. माझंच गणित कुठं चुकतंय का?"

धाकटीनं समोरच्या कागदावर आकडे मांडले. मांडायची गरज नव्हती, पण तेवढा वेळ तिला हवा होता. "नाही," ती म्हणाली. "तुमचं गणित बरोबर आहे."

"बरं. मग ठीक," म्हणून बाईंनी फोन ठेवला.

आरडाओरडा झाला असता तर धाकटीनं सोसला असता. ते "ठीक" मात्र तिला दिवसभर टोचत राहिलं. बाई रागावल्या म्हणून नव्हे, तर हे इतकं सरळ गणित आपल्या लक्षात कसं आलं नाही, म्हणून. जो कालच आपल्यावर विश्वास ठेवून आला, तोच सगळ्यांत जास्त पैसे देणार. असं कसं झालं?

दुपारी तिनं सगळ्यांना दुसरं पत्र पाठवलं. "परवाचं पत्र रद्द समजावं. किंमत ठरवताना माझं चुकलं. तुम्हालाच विचारून नव्यानं ठरवीन. ज्यांनी पैसे भरले त्यांना फरक परत मिळेल."

भावाचा लगेच फोन. "हात दाखवून अवलक्षण यालाच म्हणतात. चूक झाली असं कधी लिहायचं असतं का?"

"मग काय लिहायचं असतं?"

"सेल वाढवला, असं लिहायचं असतं."

जाऊबाईंना मात्र पत्र आवडलं. "पाचामुखी परमेश्वर," त्या म्हणाल्या. "जा, विचारून ये. इथं बसून कुणाच्या मनातलं कळणार आहे?"

धाकटी निघाली. एक वही, एक पेन, आणि सोबत नुसते प्रश्न.

पहिल्यांदा ती गणवेशवाल्या बाईंकडेच गेली. मोटार ठेवायच्या जागेत पाच मशिनं, पांढऱ्या कापडाचे गठ्ठे छतापर्यंत, आणि दारातच एक सतरंजी, की येणाऱ्याच्या पायाची धूळ कापडाला लागू नये. बाईंनी चप्पल काढायला लावून आत घेतलं. धाकटीनं विचारलं, "तुमच्या मते काय करायला हवं होतं?"

"मला आधी सांगायला हवं होतं," बाई शांतपणे म्हणाल्या. "घेतानाच म्हणाला असतात, आठवड्याभरात नवं येतंय, तर मी थांबले असते. तुम्हाला माहीत होतं ना?"

"होतं."

"मग माझ्याकडून पुन्हा पैसे मागायचेच नव्हते."

धाकटीनं वहीत लिहिलं. यात वाद घालण्यासारखं काही नव्हतं.

दुसऱ्या दिवशी ती एका म्हाताऱ्या कोटवाल्याकडे गेली. सगळे त्यांना कोटवाले आजोबाच म्हणत. दुसऱ्या मजल्यावर एकच खोली, एकच खिडकी, आणि भिंतीवर ओळीनं बिनबाह्यांचे कोट. कोपऱ्यात जुना, पोट सुटलेला कॉम्प्युटर होता आणि आजोबा त्याच्या समोर बसून वहीत काहीतरी उतरवत होते.

"काय लिहिताय?"

"मापं," आजोबा म्हणाले. "तीन दिवस चाललंय. दीडशे झाली, तीनशे राहिलीत. पंधरा दिवसांत तुमचं बंद होणार ना?"

धाकटीला क्षणभर काही कळेना. मग कळलं. पत्रात लिहिलेली पंधरा दिवसांची मुदत आजोबांनी जुन्या प्रोग्रामची शेवटची तारीख समजून घेतली होती. रद्द केल्याचं दुसरं पत्र त्यांनी उघडलंच नव्हतं. मोत्यासारख्या अक्षरात, प्रत्येक नावापुढं छाती, कंबर, उंची.

"आजोबा, काहीही बंद होणार नाही," ती म्हणाली. "जुनं आहे तसं चालणार. तुम्ही म्हणाल तोवर."

"नक्की?"

"नक्की."

आजोबांनी वही मिटली, बोटं दाबली, आणि इतक्या मोकळ्या सुरात "बरं झालं" म्हणाले की धाकटीला मान वर करवेना. "मला ते नवं नको," ते पुढं म्हणाले. "माझे डोळे अधू झालेत, हात नाही. बेतायला मला नकाशा कशाला? फक्त हे चालू राहू द्या."

"आणि समजा हवं असतं, तर किती दिले असते?"

"मी? काहीच नाही." आजोबांनी कपाटाच्या काचेमागं अडकवलेली पावती काढून दिली. अकरा वर्षांपूर्वीची. खाली निळ्या शाईत लिहिलेलं, "पुढच्या सर्व सुधारणा विनामूल्य." अक्षर जाऊबाईंचं.

धाकटी दुकानात परतली ती पावतीचा फोटो घेऊन. जाऊबाई काज करत होत्या. त्यांनी फोन डोळ्यांपासून लांब धरला, मग जवळ आणला.

"अक्षर माझंच आहे," त्या म्हणाल्या.

"फुकटाची किंमत राहत नाही म्हणे."

"तेव्हा कुणी घेत नव्हतं गं. एक जण म्हणाला, उद्या सुधारणा केलीत तर पुन्हा पैसे मागाल. मी लिहून दिलं. घेतला त्यानं. मग पुढच्यालाही दिलं."

"किती जणांना?"

"असतील पाचपंचवीस."

पावत्यांच्या स्थळप्रती माळ्यावरच्या खोक्यात निघाल्या. दोघींनी दुपारभर जमिनीवर बसून त्या चाळल्या. अडतीस निघाल्या. धाकटीला वाटलं होतं की आपल्याला राग येईल. आलं ते हसू. जाऊबाईंना मात्र हसू येत नव्हतं. "माझ्या शब्दापायी तुझं नुकसान," त्या म्हणाल्या.

"त्या अडतीस जणांनी घेतला नसता तर पुढचे आलेच नसते," धाकटी म्हणाली. "त्यांना फुकट. हा विषय संपला."

पुढच्या दोन आठवड्यांत ती एकवीस जणांकडे जाऊन आली. व्यक्ती तितक्या प्रकृती. एक म्हणाला, मी दहा वर्षं जुना, मला सगळ्यांत स्वस्त हवं. दुसरा म्हणाला, मी दहा वर्षांत एकदाही फोन करून तुम्हाला छळलं नाही, त्याचे काही पैसे मिळणार का? हे शेवटचं धाकटीनं खरोखर वहीत लिहिलं, कारण तिला ते चुकीचं वाटेना.

सगळ्यांत जास्त वेळ ती नाटकांचे कपडे शिवणाऱ्या बाईंकडे थांबली. तळघरात कार्यशाळा, राजाचा अंगरखा आणि भिकाऱ्याची लक्तरं एकाच दांडीवर. या बाईंनी सहा वर्षांपूर्वी प्रोग्राम घेतला होता.

"मला फुकट नको," त्यांनी आधीच सांगून टाकलं. "फुकट घेतलं की तक्रार करायला तोंड राहत नाही. मला तक्रार करता आली पाहिजे."

"मग किती?"

"ते वापरल्याशिवाय कसं सांगू?"

धाकटीनं त्यांना आठवडाभर नवी आवृत्ती वापरायला दिली. आठवड्यानं बाईंनी सांगितलं, "तुम्ही नवं म्हणून बरंच काही दिलंय. त्यातल्या दोन गोष्टी माझ्या कामाच्या. बाकीचं नाकापेक्षा मोती जड. आणि मापं ठेवण्याचं जे मूळ काम, त्याचे पैसे मी सहा वर्षांपूर्वीच मोजलेत. तेच परत विकू नका. वरचं जे नवं, तेवढंच सांगा."

हे ऐकून परत येताना धाकटी रस्त्यातच थांबली. चावी बनवणाऱ्याच्या दुकानासमोर, इतकी मधोमध की मागून येणारा सायकलवाला घंटी वाजवून थकला. जाऊबाई पहिल्याच दिवशी हेच तर म्हणाल्या होत्या, कोट त्याचाच असतो. नवं सहा हजारांचं, जुनं चार हजारांचं, वरचं नवं दोन हजारांचं. जुन्यानं दोन हजार द्यावेत, म्हणजे कुणालाही नव्या माणसापेक्षा जास्त पडणार नाहीत.

"आणि ज्यांनी अडीच हजारांत घेतला होता?" रात्रीच्या स्वयंपाकाच्या आधी, दुकान आवरताना तिनं जाऊबाईंसमोर शंका काढली. "त्यांना एकूण साडेचार पडले. नवा माणूस म्हणेल, मला सहा का?"

"कारण त्यांनी तुझ्या सुरुवातीच्या चुका सोसल्या," जाऊबाई म्हणाल्या. "आठवतं ना, एकदा सगळ्यांच्या कंबरा दुप्पट झाल्या होत्या?"

आठवत होतं. पुढचा प्रश्न नुकत्याच घेतलेल्यांचा. गणवेशवाल्या बाईंना काहीच मागायचं नाही, हे नक्की. पण नुकतं म्हणजे किती? धाकटी म्हणाली, "वर्षभर धरू. वर्षाच्या आत घेतला असेल तर फुकट." मग स्वतःच अडकली. "पण वर्ष आणि एक दिवस झालेला माणूस? कुठंतरी रेघ मारली की कुणीतरी रेघेपलीकडे उभा असणारच."

जाऊबाईंच्या हातात खडू होता, समोर उद्या कापायचं कापड अंथरलेलं. त्यांनी एक रेघ मारली. मग तिच्या बाहेर दोन बोटांवर दुसरी. "रेघ मारावीच लागते. रेघेशिवाय कापड कापता येत नाही. पण कापायचं बाहेरच्या रेघेवर. आत जादा कापडाची माया सोडायची. माणूस जाडजूड झाला, हिशेब चुकला, तर ती मायाच कामाला येते."

धाकटीनं पत्रात "एक वर्ष" लिहिलं आणि स्वतःच्या वहीत "चौदा महिने". तेरा महिन्यांवाला कुणी विचारेल तर त्याला वाद न घालता द्यायचं. नंतर तिला हेही खटकलं. जो विचारेल त्याला मिळणार आणि जो संकोची आहे त्याला नाही, हे कसं चालेल? तिनं यादी काढली आणि त्या मधल्या चौघांना स्वतःहून कळवलं.

मुदत तिनं ठेवलीच नाही. पत्राच्या पहिल्याच ओळीत लिहिलं, "तुमचा सध्याचा प्रोग्राम बंद होणार नाही." किंमत दुसऱ्या ओळीत. कोटवाल्या आजोबांना पत्र न पाठवता तिनं फोन केला.

भाऊ म्हणाला, मुदत नाही म्हणजे कुणी हलणार नाही. त्याचं अगदीच चुकलं नाही. पहिल्या महिन्यात फक्त चौसष्ट जणांनी नवं घेतलं, आणि धाकटीला मदतीला एक माणूस ठेवायचा होता तो बेत वर्षभर पुढं गेला. त्या दिवसांत ती रात्री उशिरापर्यंत हिशेब मांडत बसायची. नवऱ्यानं विचारलं, "पस्तावलीस का?" ती म्हणाली, "नाही. पण तीन हजार घेतले असते तर किती जणांनी दिले असते, हे आता कधीच कळणार नाही. तेवढं मात्र डोक्यात राहतं." नवरा जमीनमोजणीवाला. तो म्हणाला, "दोन्ही वाटांनी एकदम चालता येत नाही," आणि वर्तमानपत्र पुन्हा उघडलं.

मग हळूहळू लोक यायला लागले. कुणाचं जुनं यंत्र बिघडलं म्हणून, कुणी शेजाऱ्याकडचं पाहून. सहा महिन्यांत दोनशेच्या वर गेले. गणवेशवाल्या बाईंनी दोन मैत्रिणी पाठवल्या, त्याही "माझं नाव सांगा" असं काही न सांगता, हे धाकटीला नंतर कळलं. नाटकवाल्या बाईंनी पैसे भरल्याच्या दुसऱ्याच दिवशी पहिली तक्रार केली.

तरीही साठेक जण असे राहिले की त्यांच्याकडून ना होकार, ना नकार, ना शिवी. भाऊ म्हणाला, सोडून दे. पण धाकटीचा जीव तिथं अडकला. हे लोक काय करतायत? तिनं रोज जेवणानंतर एकाला फोन करायचा नेम धरला. विकायचं काही नाही, नुसतं विचारायचं. दोघं वारले होते. एकीनं दुकान सुनेला दिलं होतं आणि सून वहीतच लिहीत होती. एकाला वाटत होतं की पत्रं दुसऱ्याच कुणाची आहेत.

तेविसावा फोन एका माणसाला लागला, त्यानं सात वर्षांपूर्वी शिवणकाम सोडलं होतं.

"मग प्रोग्राम काढून टाकला असेल," धाकटी म्हणाली.

"छे. रोज वापरतो. मी आता मधमाश्या पाळतो. प्रत्येक पेटीची नोंद तुमच्याच प्रोग्राममध्ये."

धाकटी खुर्चीत सावरून बसली. "पेटीची? पण त्यात तर छाती आणि कंबर आहे."

"हो. छातीत पोळ्याच्या चौकटी किती ते लिहितो. बाहीत राणीमाशीचं वय. ग्राहकाच्या नावाच्या जागी पेटीचा नंबर. छान चालतं. फक्त तुमचा तो नवा कापडाचा नकाशा मला काही कामाचा नाही, म्हणून उत्तर दिलं नाही. वाईट वाटलं का?"

"नाही हो," धाकटी म्हणाली. तिनं वही ओढली आणि पेनाचं टोपण काढलं. "आणि कंबरेत? कंबरेत काय लिहिता?"

"कंबरेत मध. कुठल्या पेटीतून किती निघाला ते."

जाऊबाई दारात आल्या होत्या, बाहेर गिऱ्हाईक खोळंबलं आहे हे खुणेनं सांगत होत्या. धाकटीनं हातानंच त्यांना थांबायला सांगितलं. "मला पहिल्यापासून सांगा," ती फोनमध्ये म्हणाली. "राणीचं वय तुम्हाला कळतं तरी कसं?"